आपल्या गावचा तलाव किती धोक्याचा?



रोहिण्या संपत आल्या, मृग तोंडावर आहे. खोडव्याची बांधणी, खताची शेवटची मात्रा, चारी काढणे ही कामे सगळ्यांची चालू असतील. याच आठ-पंधरा दिवसांत आणखी एक काम व्हावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. ज्या तलावाच्या पाण्यावर आपला ऊस उभा राहतो, त्या तलावाची पाळ कास्तकाराने एकदा स्वतः पायी चालून पाहावी. मोठ्या धरणांवर इंजिनियर असतात, चौकीदार असतो, दरवाजे उघडायला माणूस असतो. गावच्या तलावावर कोण असतो? पाणी पाजायचे असले की आपण असतो. एरवी कोणी नसतो.

"आपला तलाव लहानसा, तो फुटून फुटून काय फुटणार?" असे पारावर बसून सगळेच म्हणतात. हे म्हणणे किती खरे आहे ते आधी पाहू. त्यासाठी दूर जायचे काम नाही, नागपूर शहरातच उदाहरण आहे.

अंबाझरी तलाव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १८७० च्या सुमारास नागपूरला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा मातीच्या बांधाचा तलाव. नाग नदीचे वरचे पाणी त्यात येते आणि तलाव भरला की सांडव्यावरून पुढे नाग नदीच्याच पात्रात शहरात शिरते. कोयना-जायकवाडीच्या पुढे हा तलाव म्हणजे काहीच नाही. पण २०२३ च्या सप्टेंबरात, २२ तारखेच्या रात्री आणि २३ च्या पहाटे, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तलाव आधीच भरलेला होता. सांडव्यावरून लोंढा सुटला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घुसले. सीताबर्डीच्या दुकानांत पाणी. हजारो घरांत चिखल. सैन्याच्या तुकड्या बोटी घेऊन आल्या. त्या रात्रीच्या पावसाने शहरात किमान चार जीव घेतले, आणि मृतांत अशी एक आजारी बाई होती, जिला स्वतःहून उठून बाहेर पडता येत नव्हते.

आता यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की अंबाझरीचा बांध फुटला नव्हता. बांध जागेवर होता, सांडवा आपले काम करीत होता. तरीही एवढे झाले. कारण सांडव्यातून सुटलेल्या पाण्याला पुढे जायला वाटच पुरेशी उरली नव्हती. नदीचे पात्र जागोजागी आवळलेले, पूल ठेंगणे, काठाला बांधकामे. सांडव्यासमोर उभ्या असलेल्या स्मारकामुळे पाणी अडते की नाही, हा वाद तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. बांधावर वाढलेल्या झाडाझुडपांचे काय करायचे, याची चर्चा त्याही आधी काही वर्षे चालू होती. बांध बांधला तेव्हा खाली आजच्याएवढी वस्ती नव्हती. दीडशे वर्षांत तलाव तेवढाच राहिला आणि खालचे शहर मात्र वाढत गेले. बांधाची एक वीटही न हलता त्याचा धोका कितीतरी पटीने वाढला.

म्हणून तलावाच्या धोक्याचा हिशेब करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पहिला, पाळ किती भक्कम आहे? दुसरा, पाळ गेली किंवा सांडवा जोरात सुटला, तर खाली कोण आहे? आपण नेहमी पहिलाच विचारतो. पडीक रानाच्या वर असलेला खराब तलाव आणि शाळेच्या वर असलेला बरा तलाव, यांत आधी लक्ष द्यायचे ते शाळेच्या वरच्याकडे. सरकारी शास्त्रही हेच सांगते. केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये धरणांचे धोक्यानुसार चार वर्ग पाडण्याची पद्धत ठरवून दिली. ते वर्ग फुटल्यावर माणसांचे, घरांचे, शेतीचे आणि रस्ते-पुलांचे किती नुकसान होईल यावरून पडतात. धरण नवे की जुने, पक्के की कच्चे, हा हिशेब निराळा.

लहान तलावाने काय होते, याचे याहून जळजळीत उदाहरण कोकणातले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे. तिथला मातीचा लघु पाटबंधारे तलाव वीस-पंचवीस लाख घनमीटर पाण्याचा, बांधून पुरी वीस वर्षेही झालेली नव्हती. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमाराला तो फुटला आणि पायथ्याची भेंदेवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे मेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी बांध पोखरला, असे विधान नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि महाराष्ट्रभर त्याचे हसे झाले. खेकडे, उंदीर, मुंगूस, साळिंदर हे मातीच्या पाळीत बिळे करतात यात खोटे काही नाही. पण बीळ दिसल्यावर ते बुजवायचे काम खेकड्याचे नसते.

पानशेत जुन्या सभासदांना आठवत असेल. १२ जुलै १९६१. धरण अजून पुरे झालेले नव्हते, पाणी सोडायच्या मोरीचे काम अर्धवट होते, आणि त्याच पावसाळ्यात पाणी साठू दिले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी बांध गेला. ते पाणी खाली खडकवासल्यावर आदळले, तेही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ धुऊन निघाला. वर एक आणि खाली एक असे तलाव एकाच नाल्यावर ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. खालचा तलाव कितीही चांगला असला तरी वरच्याचे सगळे पाणी एकदम पेलायला तो बांधलेला नसतो. अगदी अलीकडे, नागपूरच्या पुराच्या बारा दिवस आधी, लिबिया देशात डेर्ना शहरावर हेच झाले. वादळी पावसात वरचे धरण गेले, मग शहराच्या तोंडाशी असलेले लहान धरण गेले, आणि हजारो माणसे रात्रीतून समुद्रात गेली. ही धरणे १९७० च्या दशकातली होती, आणि त्यांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष होत असल्याचा इशारा तिथल्या एका अभ्यासकाने वर्षभर आधी लिहून ठेवला होता. आपल्या जिल्ह्यात धरणाचा नव्हे पण नदीच्या पुराचा अनुभव नरखेड तालुक्यातल्या मोवाडने घेतला आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पाण्याने तिथे दोनशेवर माणसे गेली. पाणी किती वेळात चढते हे मोवाडकरांना सांगावे लागत नाही.

मातीची पाळ कशी मोडते, हे एकदा नीट समजून घेतले की पाहायचे काय ते आपोआप कळते.

बहुतेक पाळी दोन तऱ्हांनी जातात. एक, पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहू लागते. सिमेंट-दगडाचा बंधारा वरून पाणी गेले तरी उभा राहतो, मातीची पाळ राहत नाही. खालच्या उतारावरची माती खरवडली जाते, घळ पडते, घळ मागे मागे सरकत तलावापर्यंत पोचते आणि मग सगळेच मोकळे होते. दुसरी तऱ्हा आतून. पाळीतून थोडा पाझर नेहमीच असतो, त्याला भ्यायचे कारण नाही. पण पाझर वाट धरून वाहू लागला आणि मातीचे कण बरोबर नेऊ लागला, की आत नळी तयार होते. ती रोज थोडी रुंदावते. बाहेरून पाळ ठणठणीत दिसते आणि एक दिवस वरचा भाग खाली बसतो. ही नळी बहुधा कुठून सुरू होते? मोरीच्या बाजूने, जिथे माती आणि दगडी बांधकाम यांचा सांधा असतो. झाड वठल्यावर कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून. बिळांतून. आणि, स्पष्टच बोलायचे तर, आपण पाळ फोडून टाकलेल्या पाइपलाइनच्या कडेने.

पहिली तऱ्हा टाळायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे मोकळा सांडवा. मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. थोडा हिशेब मांडून पाहू, कठीण नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. समजा आपल्या तलावाचा पाणलोट चार चौरस किलोमीटर आहे आणि चार तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. सप्टेंबरात जमीन ओली असते, तेव्हा शंभरातले साठ मिलिमीटर तरी वाहून तलावात येईल असे धरू. म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर पाणी. भरलेल्या तलावाने ते चार तासांत बाहेर टाकायचे, तर सेकंदाला सुमारे १७ घनमीटर झाले. सांडवा २० मीटर रुंद आणि मोकळा असेल, तर त्यावरून पाण्याचा थर दोन फुटांच्या आसपास चढेल. सांडव्याच्या माथ्यापासून पाळीचा माथा चार फूट उंच असेल तर अजून दोन फूट हातात आहेत. ठीक आहे.

आता त्याच सांडव्याचा अर्धा भाग बेशरम, काटेरी झुडपे, गाळ आणि कोणाच्या तरी कडब्याने भरलेला आहे असे धरा. तेवढेच पाणी आता दहा मीटरमधून जायचे, म्हणून थर सव्वातीन फुटांवर जातो. आणि उन्हाळ्यात उसाला चार पाळ्या जास्त मिळाव्या म्हणून कोणी सांडव्यावर फूटभर फळ्या किंवा रेतीची पोती लावली असतील, तर सव्वाचार फूट झाले. पाळीची मोकळी उंची चारच फूट होती. म्हणजे पाणी पाळीवरून गेले. पाऊस तोच, तलाव तोच, पाळही तीच. हा हिशेब ढोबळ आहे. तलावाच्या पसाऱ्यात काही पाणी तेवढ्यापुरते थांबते, आणि उलट पावसाचा जोर चारही तास सारखा नसतो, मधला तास भारी असतो. पण कोणत्या गोष्टीने किती फरक पडतो हे त्यातून कळते.

फळ्यांचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलू. यात कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. दहा हेक्टर पसाऱ्याच्या तलावात एक फूट पाणी जास्त अडवले तर सुमारे तीस हजार घनमीटर होते, म्हणजे तीस हेक्टर उसाला एक पाणी, तेही नागपूरच्या उन्हात वाफ होऊन जाते ते सोडून. मे महिन्यात उसाचे पोंगे सुकू लागले की एका पाण्याची किंमत काय ते कास्तकारच जाणतो. पण त्या एका पाण्यासाठी आपण पाळीची एक फूट उंची खर्चून टाकतो, आणि ती उंची आपल्या एकट्याची नसते, खालच्या गावाचीही असते. "पाऊस संपल्यावर लावतो ना बाप्पा, तेव्हा काय होते?" असे म्हणतील. २०२३ चा तो पाऊस सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यातला होता, म्हणजे पोळा होऊन गेल्यावरचा, गणपती बसलेले असतानाचा. परतीचा पाऊस आपली तारीख विचारून येत नाही. सांडव्याची उंची वाढवायचीच असेल, तर ज्यांचा तलाव आहे त्या खात्याच्या इंजिनियरकडून पाळीची उंची आणि सांडव्याची रुंदी तपासून घ्यावी, आणि पाळही त्या हिशेबाने उंच करून घ्यावी. त्याला खर्च आहे, वेळ आहे. पण फुकटचा उपाय यात नाही.

आपल्या भागातल्या जुन्या तलावांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या बाजूला आणि पुढे भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. यांतले पुष्कळसे कोहळी समाजाच्या जुन्या जाणत्या माणसांनी बांधले, आणि तेच लोक या भागात तलावाच्या पाण्यावर ऊसही लावीत. म्हणजे आपला ऊस आणि आपला तलाव यांचे नाते कारखान्याच्या कितीतरी आधीचे आहे. त्या लोकांनी पाळ कुठे टाकायची, सलंग म्हणजे सांडवा कुठल्या कातळावर किंवा कठीण मुरमावर काढायचा, तुडुम कुठे बसवायचा, हे नकाशे नसताना ठरवले. बहुतेक ठिकाणी सलंग पाळीपासून दूर, एका टोकाला, न खचणाऱ्या जमिनीवर सापडेल. उगाच तसे केलेले नाही. सुटलेले पाणी पाळीच्या पायाला लागू नये म्हणून ते केले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. निस्ताराचा हक्क राहिला, पण दर उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायची, सलंग साफ करायचा, ही गावाची वहिवाट हळूहळू मोडली. मालगुजार धाकाने करून घेई, वेठीलाही धरी, ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण वेठ गेली त्याबरोबर कामही गेले, हे खरे.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणे त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरमधली काही ठरावीक अटींवर येतात, उदाहरणार्थ दहा लाख घनमीटर किंवा त्याहून जास्त साठा असेल किंवा बांध पाचशे मीटर किंवा त्याहून लांब असेल तर. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे, संकटकाळची योजना तयार ठेवणे हे मालकावर बंधनकारक आहे. राज्याची धरण सुरक्षा संघटना नाशिकला आहे. पण आपल्या गावच्या तलावांपैकी बहुतेकांची पाळ दहा मीटर भरतच नाही. ते या कायद्याच्या चौकटीबाहेर राहतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे लहान तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. आपला तलाव नेमका कोणाच्या वहीत आहे हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवावे. पुष्कळ गावांत याचे उत्तर दोन माणसे दोन देतील. पावसाळ्याआधीच ते एक झालेले बरे.

आता पाळीवर जाऊ. एकट्याने जाऊ नये, दोघे-तिघे जावे, त्यातला एक म्हातारा असावा. पाळ पूर्वी कशी होती हे त्याच्या डोक्यात असते, आणि तपासणीत अर्धे काम तेच आहे.

पाळीच्या एका टोकाला उभे राहून माथ्यावरून सरळ नजर टाकावी. माथा एका रेषेत हवा. मध्ये कुठे बसका भाग दिसला तर पाणी पहिल्यांदा तिथूनच जाणार. अशा जागी बहुधा बंडीवाट किंवा ट्रॅक्टरची वाट असते, गुरे चढ-उतर करतात. मग माथ्यावरच्या भेगा पाहाव्या. काळ्या मातीच्या पाळीला उन्हाळ्यात उभ्या-आडव्या बारीक भेगा पडतातच, त्या पहिल्या पावसात मिटतात. पण पाळीच्या लांबीला धरून गेलेली, हात जाईल अशी भेग आणि तिच्या एका बाजूची माती खाली सरकलेली, हे लक्षण वाईट. उतार घसरतो आहे. पाळीला आडवी गेलेली, म्हणजे तलावाकडून बाहेरच्या बाजूला जाणारी खोल भेगही वाईट, कारण ती पाण्याला वाट देते.

पाण्याच्या बाजूचे दगडी अस्तर शाबूत आहे का पाहावे. हे दगड कोणाच्या गोठ्याच्या पायात गेले ते गावात सगळ्यांना ठाऊक असते, पण बोलत कोणी नाही. तिथे लाटा माती खातात.

मग बाहेरच्या उताराने खाली पायथ्याशी यावे, आणि इथे घाई करू नये. उन्हाळ्यात पायथ्याला हिरवेगार गवत किंवा शेवाळाचा ओला पट्टा दिसला तर तिथे पाझर आहे. खूण म्हणून खुंटी ठोकून ठेवावी. पावसाळ्यात तलाव भरल्यावर परत त्याच खुंटीशी येऊन पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. पाणी स्वच्छ आणि तेवढेच असेल तर नुसते लक्ष ठेवावे. गढूळ असेल, वाढत असेल, किंवा जमिनीतून उकळ्या फुटल्यासारखे वर येत रेतीचे लहान वारूळ बनवीत असेल, तर त्याच दिवशी कळवावे. सकाळची वाट पाहू नये.

पाळीवरची मोठी झाडे हा वादाचा विषय आहे, शहरातही झाला. झुडूप आणि रोप लहान असतानाच काढणे सोपे. जुने मोठे झाड नुसते कापून खोड तसेच ठेवले तर मुळे आत कुजतात आणि पोकळी होते, म्हणून ते काम खात्याला विचारून, मुळाची जागा मातीने ठोकून भरूनच करावे. अर्धवट केलेले काम न केलेल्यापेक्षा वाईट ठरते.

उपसा जलसिंचनाची पाइपलाइन पाळ खोदून नेऊ नये, माथ्यावरून नेऊन सायफन करावा. आधीच कोणाची पाळीतून गेली असेल, तर तिच्या दोन्ही तोंडांशी पाझर पाहावा. तसेच गाळाचे. गाळमुक्त धरणाच्या योजनेत तलावातला गाळ वावरात नेला, वावर सुधारले, तलावाचे पोट वाढले, हे सगळे चांगलेच झाले. पण जेसीबीवाल्याला जवळची खेप परवडते म्हणून तो पाळीच्या पायथ्याशी खोदू लागतो. तलावाच्या आतल्या पायथ्याशी बसलेला गाळ हा पाझर रोखणारा पडदा असतो, तो फाडायचा नाही. आणि बाहेरच्या पायथ्याचा मुरूम तर मुळीच उचलायचा नाही, पाळ त्याच्या आधाराने उभी आहे.

एवढे झाल्यावर पाळ सोडून नाल्याने खाली चालत जावे. हा भाग कोणी करीत नाही. किती दूर, तर दोन-तीन किलोमीटर तरी. नाल्याच्या तळापासून पुरुषभर-दोन पुरुष उंचीच्या आत कोण कोण आहे ते मनात टिपत जायचे. घरे, अंगणवाडी, शाळा, विटभट्टी, रपटा, विजेची डीपी. दहा लाख घनमीटरचा तलाव तासाभरात मोकळा झाला तर सेकंदाला सरासरी २७८ घनमीटर पाणी सुटते, म्हणजे २७८ टन. दहा टनी उसाच्या ट्रॉल्या मोजल्या तर दर सेकंदाला अठ्ठावीस ट्रॉल्या, तासभर. लोंढ्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तरी दोन किलोमीटरवरच्या घराला सतरा मिनिटे मिळतात. रात्री, पावसात, वीज गेलेली असताना सतरा मिनिटांत म्हातारी माणसे, आजारी माणसे, बाळंतीण बाहेर काढायची आहेत. म्हणून अशी घरे कोणती, ते आधी माहीत हवे.

आणि एक वस्ती अशी आहे जी गावाच्या कुठल्याच यादीत नसते. ती आपल्यामुळे तिथे असते. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि पाण्याची सोय म्हणून नाल्याच्या काठी कोप्या टाकतात. त्या वेळी तलाव काठोकाठ भरलेले असतात. अवकाळी पाऊस कार्तिकातही येतो. टोळीतल्या माणसांना वर तलाव आहे हे ठाऊक नसते, कोणाला हाक मारायची हे ठाऊक नसते, लेकरे कोपीत झोपलेली असतात. टोळीला जागा दाखवणारा माणूस बहुतेक वेळा सभासदच असतो. त्याने नाल्यापासून दूर, उंचवट्यावर जागा दाखवावी, पाणी टँकरने किंवा पाइपने द्यावे. शे-दोनशे पावले जास्त चालावी लागली तरी हरकत नाही.

पाळ जाईल अशी भीती वाटली तर काय करावे? पहिले काम माणसे हलवणे, पाळ वाचवणे दुसरे. पोलीस पाटील, तलाठी, तहसील आणि जिल्हा नियंत्रण कक्ष यांना कळवावे, आणि कोणाच्या उत्तराची वाट न पाहता खालच्या घरांना उठवावे. फोन लागत नाहीत अशाच वेळी हे प्रसंग येतात, म्हणून दोन पोरे मोटारसायकलने पाठवावी, मंदिराचा-मशिदीचा भोंगा वापरावा. बाहेरच्या बाजूने गढूळ पाणी येत असेल तर ते भोक चिखलाने किंवा पोत्याने दाबून बंद करू नये. पाणी दुसरी वाट काढते आणि ती जास्त वाईट असते. तिथे आधी जाड रेती, तिच्यावर गिट्टी, तिच्यावर दगड असा थर टाकावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती अडते. माथा बसका असेल आणि पाणी चढत असेल तर पोती तिथे रचावी. तुडुम उघडावा, पण एकदम सगळे पाणी उतरवू नये, ओला आतला उतार घसरतो. आणि घाबरून पाळ मधेच कापण्याचा शहाणपणा कोणी करू नये. अशी कापलेली जागा हाताने थांबवता येत नाही.

पाहणीत जे दिसले ते एका कागदावर लिहून, तारीख टाकून, चौघांच्या सह्यांनी ग्रामपंचायतीत द्यावे आणि पोच घ्यावी. एक प्रत आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडे दिली तरी चालेल, तो खात्यापर्यंत पोचवण्यास मदत करील. तक्रार तोंडी राहिली की ती विरून जाते. कागदावर बसका भाग पाळीच्या कोणत्या टोकापासून किती पावलांवर आहे, खुंटी कुठे ठोकली, सांडव्यात काय अडले आहे, एवढे असले तरी पुरे. इंजिनियर आल्यावर त्याला त्याच जागी उभे करता येते.

आणि सांडव्यात फळ्या असतील तर त्या मृग लागण्याआधीच काढून घ्याव्या. मागल्या साली ज्याने लावल्या त्यालाच काढायला सांगावे. त्या कशा ठोकल्या आहेत हे त्यालाच माहीत असते, आणि भरल्या पाण्यात त्या निघत नाहीत.